बीएस्सी फिजिक्स: बेळगाव, धारवाड की कोल्हापूर?

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो, म्हणजे इतर पालकांनाही उत्तराचा उपयोग होईल. मुलगी सेकंड पीयूला (कर्नाटकातली बारावी) फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, कॉम्प्युटर सायन्स घेऊन ८४ टक्क्यांनी पास झाली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. गाव खानापूरपासून थोडं आत. आयसरची (विज्ञान शिक्षण-संशोधनाच्या केंद्रीय संस्थांची) परीक्षा दिली, पण नंबर लागला नाही. इंजिनीअरिंग नको, फिजिक्सच करायचं म्हणते. पाहुण्यांपैकी एक जण सांगतो कोल्हापूरला घाला, दुसरा सांगतो धारवाड, तिसरा म्हणतो पुण्याला पाठवा. यातलं सगळ्यात चांगलं कॉलेज कोणतं, असं तुम्ही विचारलंत.

बेळगाव भागात पीयू आणि डिग्रीला फिजिक्स शिकवण्यातच माझी नोकरी गेली. दर जूनला हा प्रश्न घेऊन पालक यायचे, आणि बहुतेकांच्या मनात खरं तर दोन प्रश्न असायचे. मुलीला लांब पाठवायचं तर ते आत्ता बीएस्सीला की तीन वर्षांनी एमएस्सीला? आणि घरातून निघणारा पैसा कोणत्या टप्प्यावर लावायचा? ही दोन उत्तरं मिळाली की कॉलेजचं नाव ठरवायला फार वेळ लागत नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. बीएस्सी जवळ करावी, जिथे लॅब खरोखर चालते आणि गणिताचा विभाग भक्कम आहे अशा ठिकाणी. लांब जायचं ते एमएस्सीला, देशपातळीवरची परीक्षा देऊन. अर्थात हे सगळ्यांना लागू नाही. रोजच्या प्रवासात चार-पाच तास जात असतील, घरी अभ्यासाला जागाच नसेल, किंवा मुलीला स्वतःला बाहेर राहून शिकायची ओढ असेल, तर हिशोब बदलतो. तुमच्या बाबतीत खानापूर ते बेळगाव साधारण २५-२६ किलोमीटर, त्यात गावापासून खानापूरपर्यंतचं अंतर मिळवा. बस वेळेवर असेल तर हे झेपण्यासारखं आहे. पावसाळ्यात गावची बस बंद पडत असेल, तर मात्र बेळगावातच हॉस्टेल किंवा नातेवाईक बघा.

जवळ का म्हणतो, ते सांगतो. बीएस्सीचा अभ्यासक्रम देशभर जवळपास एकच आहे: मेकॅनिक्स, लहरी आणि प्रकाश, विद्युत-चुंबकत्व, थर्मोडायनॅमिक्स, मॉडर्न फिजिक्स, थोडं सॉलिड स्टेट, थोडं इलेक्ट्रॉनिक्स. लांबच्या नामांकित कॉलेजातही हेच शिकवतात. फरक पडतो तो विद्यार्थ्याने रोज किती उदाहरणं स्वतः सोडवली आणि प्रयोग स्वतःच्या हाताने किती केले, यात. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांची पीयूची दोन वर्षं इंग्रजी शब्दांशी झुंजण्यात जातात. फिजिक्स खरं समजायला लागतं ते डिग्रीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षी. नेमक्या त्याच वेळी मेस, खोली, नवं शहर, एकटेपणा हे सगळं अंगावर आलं की हुशार मुलंही सहा-आठ महिने मागे पडतात. काही सावरतात, काही विषयच सोडून देतात.

आता कॉलेज तपासायचं कसं? वेबसाइट आणि नॅकची (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेची) ग्रेड बघा, पण तिथे थांबू नका. ग्रेड पूर्ण कॉलेजची असते, आणि तुम्हाला एकच विभाग बघायचा आहे. कामाच्या दिवशी दुपारी, प्रॅक्टिकल चालू असताना मुलीला घेऊन जा. विभागप्रमुखांना सांगा की ॲडमिशन घ्यायचा विचार आहे, लॅब बघायची आहे. चांगल्या विभागात नाही म्हणत नाहीत. उलट आनंदाने दाखवतात.

लॅबमध्ये उपकरणांची यादी मागत बसू नका. स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करून कोन मोजायचं उपकरण, कुठे आहे ते बघा. टेबलावर, सोडियमच्या दिव्यासमोर, आणि त्याच्याशी कुणीतरी मुलगा किंवा मुलगी झटते आहे? की कपाटात, कापडाखाली? तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या विद्यार्थिनीला तुमच्या मुलीने विचारावं, ‘प्रिझम टेबल लेव्हल कसं करतेस? शुस्टरची पद्धत कशी वापरतेस?’ (ही स्पेक्ट्रोमीटर फोकस करायची रीत.) जिने स्वतः केलंय ती सांगताना हात फिरवून दाखवते: प्रिझम असा फिरवून टेलिस्कोप फोकस करायचा, मग उलट बाजूला फिरवून कोलिमेटर, मग परत. जिने फक्त लिहून काढलंय ती पुस्तकातलं वाक्य म्हणते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात दोन रेषा असतात, ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या. कॉलेजातल्या साध्या ग्रेटिंगनेही (बारीक समांतर रेघा असलेल्या काचेनेही) त्या सेकंड ऑर्डरला, म्हणजे मधल्या रेषेपासूनच्या दुसऱ्या वर्णपटात, वेगळ्या दिसायला हव्यात, कारण त्या सुट्या करायला पहिल्या ऑर्डरला हजारभर रेघा पुरतात आणि आपल्या ग्रेटिंगवर इंचाला पंधरा हजार असतात. ‘तुला त्या दोन रेषा दिसल्या का?’ एवढंच विचारा. ‘हो, पण स्लिट फार बारीक करावी लागली’ असं उत्तर आलं, तर त्या लॅबमध्ये काम होतं असं समजा.

दुसरी खूण जर्नलची, म्हणजे प्रॅक्टिकलच्या वहीची. केटरच्या पेंड्युलमचा किंवा बार पेंड्युलमचा प्रयोग सगळीकडे असतो, गुरुत्वत्वरण काढायचा. बेळगावची उंची आणि अक्षांश धरले तर आपल्याकडे त्याचं मूल्य ९.७८ मीटर प्रति सेकंद वर्ग, म्हणजे ९७८ सेंटीमीटरच्या आसपास येतं. पुस्तकातलं ९.८१ इथलं नव्हे. चार-पाच जर्नल्स चाळून बघा. सगळ्यांचं उत्तर नेमकं ९८१ सेंटीमीटर आलं असेल, तर रीडिंग उत्तरावरून मागे लिहिलेली आहेत. एकाचं ९७२, एकाचं ९८५, एकाचं ९७७, आणि बाजूला सरांनी लाल शाईत ‘चूक कुठून आली असेल?’ असं विचारलं असेल, तर तिथे मुलीला डोळे झाकून घाला. माझ्या मते बाकी कुठल्याही कागदापेक्षा हा पुरावा जास्त भरवशाचा आहे.

एका बॅचला किती मुलं आणि एका टेबलावर किती, हेही बघा. दोघं ठीक, तिघं चालवून घेता येतं. पाच जणांत एक करतो आणि चार जण आकडे उतरवतात. लॅब असिस्टंट कायमचा आहे का, हेसुद्धा विचारा. बिघडलेला पॉवर सप्लाय त्याच दिवशी दुरुस्त होतो की पुढच्या वर्षी, हे बऱ्याचदा त्या एका माणसावर असतं.

शिक्षकांबद्दल. दोन्ही राज्यांत कायमच्या जागा वर्षानुवर्षं भरलेल्या नाहीत, म्हणून गेस्ट लेक्चरर आणि तासिका तत्त्वावरचे शिक्षक सगळीकडे आहेत. त्यांच्यात फार तळमळीने शिकवणारे मी पाहिलेत, तेव्हा ‘गेस्ट आहेत’ म्हणून नाक मुरडू नका. प्रश्न सातत्याचा आहे. सेमिस्टरच्या मध्येच माणूस बदलला तर इलेक्ट्रोडायनॅमिक्ससारखा पेपर अर्ध्यावर लटकतो. म्हणून विचारायचं ते असं: गेल्या दोन वर्षांत हा पेपर कुणी शिकवला, आणि तेच यंदा आहेत का? गणित विभागालाही हाच प्रश्न विचारा. फिजिक्सची निम्मी अडचण डिफरन्शियल इक्वेशन आणि व्हेक्टर कॅल्क्युलसमध्ये असते, हे पालकांना कुणी सांगत नाही.

इथे दोन राज्यांच्या पद्धतीतला फरक लक्षात घ्या. कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांची डिग्री आली होती, ती २०२४-२५ पासून पुन्हा तीन वर्षांची झाली, तीन मुख्य विषय बरोबरीने घेऊन. महाराष्ट्रात राष्ट्रीय शिक्षण धोरणाप्रमाणे मेजर-मायनर आहे, म्हणजे एक मुख्य विषय आणि एक जोडविषय. तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेता येते, आणि चार वर्षं केली तर एमएस्सी एका वर्षात होऊ शकते. म्हणजे कोल्हापूरच्या बाजूला फिजिक्स लवकर मुख्य होतं, आपल्या बाजूला गणित फिजिक्सच्या बरोबरीने चालतं. संशोधनात जायचं असेल तर गणिताची ही जास्तीची साथ मला महत्त्वाची वाटते, म्हणून कर्नाटकच्या पद्धतीला मी कमी लेखत नाही. तिसऱ्या वर्षी विषयांचे कोणते पर्याय खरोखर देतात, हे मात्र त्या-त्या कॉलेजात विचारून घ्या. कागदावर तीन पर्याय असतात, मुलं कमी पडली की एकच उरतो.

कॉम्बिनेशनबद्दल: मुलीने पीयूला कॉम्प्युटर सायन्स घेतलंय, तेव्हा फिजिक्स-मॅथ्स-कॉम्प्युटर सायन्स तिला सोपं जाईल आणि पुढे संशोधनात प्रोग्रामिंग रोज लागतं. पण हायस्कूलच्या शिक्षकाची वाट उघडी ठेवायची असेल, तर फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स बरं, कारण आपल्याकडे त्या जागा पीसीएम म्हणूनच निघतात. गणित नसलेलं कॉम्बिनेशन, ते कितीही सोपं सांगितलं तरी, घेऊ नका.

आता ठिकाणं. बेळगावात सायन्ससाठी लोकांच्या तोंडी दोन नावं पहिल्यांदा येतात: टिळकवाडीतलं जीएसएस, म्हणजे गोविंदराम सेक्सरिया सायन्स कॉलेज, आणि केएलईचं आरएलएस, म्हणजे राजा लखमगौडा सायन्स इन्स्टिट्यूट. बेळगाव जिल्ह्यातली कॉलेजं पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झालं तेव्हापासून तिकडे आहेत. तुमच्यासाठी मी आधी या दोन लॅब बघायला सांगेन, वर सांगितल्या पद्धतीने. कोणती निवडावी हे मी इथे बसून सांगणार नाही. विभाग माणसांवर चालतो आणि माणसं निवृत्त होतात, म्हणून पाच वर्षांपूर्वीचं मत आज लागू पडेलच असं नाही.

धारवाडचं कर्नाटक सायन्स कॉलेज हे थेट कर्नाटक विद्यापीठाचं स्वतःचं. विद्यापीठ १९४९ चं. आपल्याच जिल्ह्यातले, गोकाक तालुक्यातल्या ममदापूरचे रँग्लर (केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात आलेले) डी. सी. पावटे १९५४ ते १९६७ तिथे कुलगुरू होते. गणिताचा माणूस विद्यापीठाच्या प्रमुखपदी इतकी वर्षं होता, याचा आपल्या भागाला अभिमान असायला हवा. धारवाडात शिकण्याचं वातावरण आहे, विद्यापीठाचा फिजिक्स विभाग जवळ असल्याने सेमिनार ऐकायला मिळतात. पण बेळगावहून ते पाऊणशे-ऐंशी किलोमीटर, म्हणजे राहणं आलं. वर्गात इंग्रजी आणि कन्नड, हॉस्टेलवर कन्नड. मुलीला कन्नड बोलता येत असेल तर काही अडचण नाही, आणि येत नसेल तर तीन वर्षांत ती शिकेल. कर्नाटकात सरकारी नोकरी करायची असेल तर ते शिकणं वायाही जाणार नाही. पहिल्या वर्षाचा ताण मात्र वाढेल, हे धरून चला.

निपाणी-चिकोडी बाजूच्या पालकांसाठी एक वेगळी सोय आहे, म्हणून सांगून ठेवतो. निपाणीत केएलईचं बागेवाडी कॉलेज राणी चन्नम्मा विद्यापीठाचं, आणि गावाला लागूनच अर्जुननगरला देवचंद कॉलेज, ते कागल तालुक्यात म्हणून शिवाजी विद्यापीठाचं. एकाच घरातल्या दोघी दोन राज्यांच्या दोन पद्धतींत शिकू शकतात, घरीच राहून. खानापूरहून ही दोन्ही लांब पडतात.

कोल्हापूरला राजाराम कॉलेज १८८० चं, विवेकानंद कॉलेज स्वायत्त आहे, आणि १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या फिजिक्स विभागाचं नाव थिन फिल्म (पदार्थांचे अतिशय पातळ थर) आणि मटेरियल सायन्समध्ये झालेलं आहे. पण हे नाव एमएस्सी आणि पीएचडीच्या कामाचं. बीएस्सीच्या मुलीला त्या प्रयोगशाळेत रोज प्रवेश नसतो. पाहुणे कोल्हापूर म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर बहुतेक विद्यापीठ असतं, कॉलेज नसतं. वर्गात समजावून सांगताना मराठी कानावर पडते, हा फायदा मात्र खरा आहे. पुण्याबद्दल एवढंच म्हणेन की फर्ग्युसनसारख्या जुन्या कॉलेजांत सोबतची मुलं तयारीची असतात, आणि त्याचा ओढा लागतो. पण खर्च परवडत असेल आणि मुलीची स्वतःची इच्छा असेल तरच.

सीमेपलीकडे जायचं ठरलं तर कागदांची तयारी लवकर करा. कर्नाटक बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, तिकडच्या विद्यापीठाची एलिजिबिलिटी लागते. कर्नाटकातला जातीचा दाखला तिकडे राखीव जागेसाठी सहसा चालत नाही. महाराष्ट्र सरकार ज्या ८६५ गावांवर हक्क सांगतं, त्या यादीत तुमचं गाव असेल तर सीमाभागातले म्हणून काही प्रवेशांत आणि सवलतींत त्याचा उपयोग होतो. इंजिनीअरिंगच्या प्रवेशात त्यासाठी वेगळा प्रकारच आहे. बीएस्सीसाठी काय मिळतं हे कॉलेजच्या आणि विद्यापीठाच्या ऑफिसात लेखी विचारा. तोंडी ‘होईल बघू’ वर विसंबू नका.

खर्चाचं एक साधं गणित. शक्ती योजनेमुळे जून २०२३ पासून कर्नाटकातल्या रहिवासी बायका-मुलींना राज्याच्या हद्दीत साध्या सरकारी बसला तिकीट नाही. म्हणजे खानापूर-बेळगाव रोजचा प्रवास तुमच्या मुलीला फुकट पडेल, आधार कार्डावर इथला पत्ता हवा इतकंच. महाराष्ट्रात एसटीला बायकांना निम्मं तिकीट आहे, पण त्यांच्या हद्दीत. कोल्हापुरात खोली आणि मेस यावर तीन वर्षांत जो पैसा जाईल, तो बाजूला ठेवा. एमएस्सीला तोच पैसा तिला हैदराबाद, मुंबई, कुठेही जायला उपयोगी पडेल, आणि तिथे त्याचं चीज जास्त होईल.

कारण एमएस्सीला दार मोठं उघडतं. आयआयटींच्या एमएस्सीसाठी जॅम ही परीक्षा आहे: तीन तास, ६० प्रश्न, १०० गुण. यात कॉलेजचं नाव कुणी विचारत नाही. २० प्रश्नांना पर्यायच नसतात, आकडा स्वतः काढून लिहायचा असतो, आणि तिथे चुकलं तरी गुण कापत नाहीत. म्हणून उदाहरणं सोडवायची सवय पहिल्या सेमिस्टरपासून लागली पाहिजे. दुसऱ्या वर्षी आयएपीटीची (फिजिक्स शिक्षकांच्या संघटनेची) एनजीपीई ही पदवीच्या मुलांसाठीची परीक्षा द्यायला लावा, जानेवारीत असते, सरावासाठी उत्तम. विज्ञान अकादम्यांची उन्हाळी संशोधन फेलोशिप असते, तिचा अर्ज आदल्या हिवाळ्यात भरायचा. ती मिळाली तर दोन महिने मोठ्या संस्थेत काम करायला मिळतं. आपल्या भागातली फार कमी मुलं अर्ज करतात, कारण कुणी सांगतच नाही.

आयसरचं दारही अजून बंद झालेलं नाही. त्यांची आयएटी परीक्षा बारावीनंतरच्या पुढच्या वर्षीही देता येते. त्या वर्षीचं माहितीपत्रक बघून पात्रता तपासा. चार विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात, बायोलॉजीसुद्धा. तुमच्या मुलीने पीयूला बायोलॉजी घेतलं नव्हतं, म्हणून ती १५ प्रश्नांनी मागे सुरू झाली. ते सोडून उरलेल्या ४५ वर जोर दिला तरी खेळ होतो. बीएस्सीचं पहिलं वर्ष नीट केलं तर त्यातले फिजिक्स-मॅथ्सचे प्रश्न आपोआप सोपे वाटतील. लागला नंबर तर जा, नाही लागला तर वर्ष वाया गेलं असं काही नाही.

तिला लेक्चरर व्हायचंय असंही तुम्ही लिहिलंय. पीयूला शिकवायचं तर एमएस्सीसोबत बी.एड. लागतं. डिग्रीला शिकवायचं तर नेट किंवा सेट, या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा. सेट ज्या राज्याची दिली त्या राज्यापुरतीच चालते, नेट देशभर. सीमेवर राहणाऱ्याने नेटच डोळ्यांसमोर ठेवावी, म्हणजे पुढे नोकरी या बाजूला लागो की त्या बाजूला, अडायला होणार नाही.

तुमच्या जागी मी असतो तर या आठवड्यात बेळगावच्या दोन लॅब बघितल्या असत्या, एक दिवस धारवाडला जाऊन आलो असतो, आणि कोल्हापूरचा विचार एमएस्सीसाठी राखून ठेवला असता. आपल्याकडे पीयूचा निकाल महाराष्ट्राच्या बारावीआधी लागतो आणि ॲडमिशनही आधी सुरू होतात, तेव्हा तिकडची वाट बघत इथली जागा घालवू नका. इथे ॲडमिशन घेताना टीसी आणि मार्क्स कार्ड मूळ प्रतीत जमा करावे लागतात. आधी त्यांच्या पाच-सहा झेरॉक्स साक्षांकित करून ठेवा, आणि पुढे ॲडमिशन रद्द केली तर फी किती परत मिळते ते पावतीबरोबर लिहून घ्या. लॅब बघायला जाताना प्रश्न मुलीला विचारू द्या, तुम्ही मागे थांबा. तिने विचारलेल्या प्रश्नाला सर कसं उत्तर देतात, ते बघून तिला तिथे तीन वर्षं काढावीशी वाटतात का, हे घरी येताना बसमध्ये तिलाच विचारा.